इम्पालात व्ही-८ बसवताय, मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणता?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तो थोडक्यात मांडतो. सोलापुरात तुमच्याकडे आजोबांची १९६३ ची शेव्हरोले इम्पाला आहे. पेट्रोल परवडेना म्हणून ऐंशीच्या दशकात तिचं मूळ इंजिन आणि त्यामागचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड उतरवला, आणि तिथं डिझेल इंजिन व साधा गिअरबॉक्स बसला. आता ते डिझेल काढून तुम्ही शेव्हरोलेचंच ३५० क्युबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवताय. कार्ब्युरेटरवालं आहे आणि दारात येऊन पडलंय. गाडी ऑटोमॅटिकच हवी, कारण ती मुळात तशीच होती आणि वडिलांच्या डाव्या गुडघ्याला आता क्लच सोसत नाही. चार जणांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची चार नावं सुचवली: टर्बो ३५० (हे गिअरबॉक्सचं नाव, ३५० इंजिनाशी गल्लत नको), ७००आर४, ४एल६०ई आणि टोयोटाचा ए३४०. त्यावर तुमचा प्रश्न असा, की तीनपेक्षा चार गिअर बरे, मग चारवालाच घ्यावा ना?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. तुमच्या गाडीसाठी मी आखूड शेपटीचा, म्हणजे मागचं टोक लहान असलेला, टर्बो ३५० घेईन. तीनच गिअरचा, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाला शाफ्टपेक्षा हळू फिरू देणारा जादा गिअर) नसलेला. फक्त एक अट आहे: मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागं प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, हे मोजल्यावर तो साडेतीनच्या आत निघाला पाहिजे. चारच्या आसपास निघाला तर माझं उत्तर बदलेल आणि ते का, हेही खाली येईल.

मी गेली कित्येक वर्षं जुन्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो आणि बसवतो. लोक गिअर मोजून गिअरबॉक्स निवडतात आणि तिथंच फसतात. खरे प्रश्न वेगळे असतात. ॲक्सल किती रेशोचा आहे? इंजिनवर किती जोर आहे हे गिअरबॉक्सला कोण सांगणार? चासीत जागा किती आहे? आणि मे महिन्यात सोलापूरच्या ट्रॅफिकमध्ये त्या गिअरबॉक्सचं तेल थंड कसं राहणार? या चारांची उत्तरं मिळाली की नाव आपोआप ठरतं.

ॲक्सलपासून सुरुवात करा, कारण त्याला पैसा लागत नाही. इंजिन खाली असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट सध्या मोकळाच असेल. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. उचललेल्या टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. मग चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा (ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरचा) एक फेरा, त्यामुळे शाफ्टचे जितके फेरे तितका रेशो. तीनाच्या किंचित पुढं आला तर ३.०८. तीन पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त आला तर ३.३६. पावणेचारला जरासा कमी पडला तर ३.७३. इम्पालांत पॉवरग्लाइडसोबत ३.३६ पुष्कळदा सापडतो. पण तुमच्या गाडीचं एकदा डिझेल झालंय. त्या काळात डिझेल बसवताना मागचा पूर्ण ॲक्सल दुसऱ्या गाडीचा घालायचीही पद्धत होती. म्हणून पुस्तकात काय छापलंय त्यावर जाऊ नका, मोजाच.

आता गणित बघू. तुम्ही टायर २०५/७५ आर १४ असल्याचं लिहिलंय. त्याचा व्यास साधारण ६६३ मिलिमीटर आणि परीघ २.०८ मीटर. ताशी ८० किलोमीटरला असं चाक मिनिटाला ६४० फेरे घेतं, १०० ला ८००. ॲक्सल ३.३६ चा असेल आणि टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असेल, तर इंजिन ८० ला २१५० वर फिरेल आणि १०० ला २६९० वर. साध्या टर्बो ३५० मध्ये लॉकअप नसतो, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर पक्का जोडला जात नाही, थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात शे-दीडशे फेरे जास्त धरा. ५.७ लिटरच्या व्ही-८ ला हे फेरे म्हणजे निवांत चाल आहे. तेवढ्यावर ना आवाज त्रास देतो, ना इंजिन दमतं.

याच गाडीत ७००आर४ घातला तर? त्याचा चौथा गिअर ०.७० चा. ८० ला इंजिन १५०० वर येईल, १०० ला १८८० वर. कागदावर छान दिसतं. पण दीड टनाहून जड गाडी, आत पाच माणसं आणि समोरून वारा, अशा वेळी १५०० फेऱ्यांवर इंजिनाला ओढ लागते. मग गिअरबॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात येतो, पुन्हा चौथ्यात जातो, लॉकअप सुटतो, पुन्हा धरतो. ही सततची उलथापालथ चालवणाऱ्याला कंटाळा आणते आणि आतल्या क्लच प्लेटांना उष्णता देते. ॲक्सल ३.०८ निघाला तर चौथा गिअर ८० ला १४०० च्याही खाली जाईल. म्हणजे तो पुणे रस्त्यावर ताशी शंभर गाठल्याशिवाय वापरताच येणार नाही. साठ वर्षांच्या गाडीला, चारही चाकांना ड्रम ब्रेक असताना, तुम्ही किती वेळ शंभरनं पळवणार हे स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा.

उलट ॲक्सल ४.११ निघाला तर चित्र पालटतं. थेट टॉप गिअरमध्ये ८० ला २६३० आणि १०० ला ३२९० फेरे. एवढे फेरे हायवेवर तासन्‌तास नकोत. तिथं ओव्हरड्राइव्ह खरोखर उपयोगी पडतो, आणि अशा ॲक्सलला मी ७००आर४ च सांगेन. किंवा क्राऊन-पिनियन बदलून पुन्हा टर्बो ३५० कडे येईन. कोणतं सोपं पडेल ते सुटे भाग काय मिळतात त्यावर ठरेल.

पहिल्या गिअरचंही बोलायला हवं, कारण तुळजापूरचा घाट तुम्ही मुद्दाम लिहिलाय. टर्बो ३५० चे गिअर २.५२, १.५२ आणि १.००. ७००आर४ चे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. पहिल्या गिअरची ओढ ७००आर४ मध्ये जास्त हे खरं. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना त्यात दरी मोठी आहे. ४००० फेऱ्यांवर गिअर पडला तर इंजिन २१३० वर येतं. टर्बो ३५० मध्ये तेच २४१० वर राहतं, त्यामुळे चढावर गाडी जोर सोडत नाही. तुमच्या इंजिनाला पहिल्या गिअरच्या जादा मदतीची गरज नाही, त्याच्याकडे खालच्या फेऱ्यांतच भरपूर टॉर्क आहे. घाट उतरताना लिव्हर '२' वर ठेवला की इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ड्रम तापत नाहीत. मूळचा पॉवरग्लाइड कुठं पडून असेल तर तोही चालेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. चालेल, टिकाऊ आहे. पण त्याचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ चा आणि त्यानंतर सरळ टॉप. गावात गोड चालतो, घाटात मधल्या गिअरची उणीव सतत जाणवते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दोन गोष्टी कळाव्या लागतात: गाडी किती वेगात आहे आणि इंजिनवर किती भार आहे. वेग त्याला स्वतःच्या मागच्या टोकाला कळतो. भार मात्र इंजिनाकडून कळवावा लागतो, आणि कोणता गिअरबॉक्स हे कोणत्या वाटेनं ऐकतो, यावर निम्मी निवड ठरते.

टर्बो ३५० व्हॅक्यूमवर चालतो. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी त्याच्या मॉड्युलेटरला, म्हणजे व्हॅक्यूम ओळखणाऱ्या डबीला जाते. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, गिअरबॉक्स दाब वाढवतो आणि गिअर उशिरा टाकतो. किकडाऊनसाठी, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर मिळण्यासाठी, एक केबल असते. ती थोडी इकडंतिकडं झाली तर किकडाऊन मिळणार नाही, पण गिअरबॉक्स जळणार नाही. व्हॅक्यूमची नळी फुटली तर गिअर उशिरा आणि झटक्यानं पडतील, म्हणजे गाडी स्वतःच तक्रार करते. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर इंजिन त्यातून गिअरचं तेल ओढून घेतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी गूढपणे उतरत जाते. तपासायला सोपं: नळी काढा, आत तेल दिसलं की मॉड्युलेटर गेला. बाहेरूनच बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ही व्हॅक्यूमची जोड कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या वरच्या छिद्राला देऊ नका, थेट मॅनिफोल्डलाच द्या.

७००आर४ ची गोष्ट वेगळी. त्याला कार्ब्युरेटरपासून एक टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल येते. बरेच मिस्त्री तिला किकडाऊनची केबल समजतात. ती तशी नाही. आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा हे त्या केबलवर ठरतं. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो, गिअर लवकर आणि अगदी मऊ पडतात. मालकाला वाटतं, वा, काय मुलायम चालते! आणि त्याच वेळी तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा घसरून जळत असतात. एका गाडीत नुसता कार्ब्युरेटर बदलला होता आणि केबल नव्या लिव्हरच्या हाताला येईल त्या भोकात अडकवली होती. गाडी माझ्याकडे आली तेव्हा गिअरबॉक्सचा खालचा तेलाचा चेंबर उघडल्यावर तेल काळं पडलेलं होतं, करपल्याचा वास येत होता आणि चुंबकाभोवती प्लेटांच्या अस्तराचा गाळ साचला होता. गाडी तोवर फार चाललेलीही नव्हती. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर केबल नेमक्या त्रिज्येवर आणि कोनात बसायला हवी. त्यासाठी वेगळा ब्रॅकेट मिळतो, तो आणून प्रेशर गेज लावून ती बसवावी लागते. हे जमणारं काम आहे, पण सोलापुरात रोज होणारं नाही. पुढं कधी हुबळीच्या किंवा हैदराबादच्या वाटेवर कार्ब्युरेटरला कुणी हात लावला तर त्याला हे माहीत असेल याची खात्री नाही. शिवाय लॉकअपच्या सोलेनॉइडला वायरिंग करावं लागतं. ते टाळून लॉकअपशिवायच ओव्हरड्राइव्हमध्ये पळवलं तर तेल आणखी तापतं.

तरीही ७००आर४ च घ्यायचं ठरलं तर साल बघून घ्या. हा १९८२ साली आला. १९८२ ते १९८४ च्या गिअरबॉक्सांत इनपुट शाफ्टला २७ दाते होते, पुढच्यांत ३० आले. सुरुवातीचे ते नाजूक, व्ही-८ ला नकोतच.

४एल६०ई म्हणजे त्याच घराण्यातला, १९९३ पासूनचा, इलेक्ट्रॉनिक. गिअर आणि दाब दोन्ही कॉम्प्युटर ठरवतो. तुमच्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही. मग वेगळा कंट्रोलर घ्या, कार्ब्युरेटरवर थ्रॉटलचा सेन्सर बसवा, त्याला लॅपटॉपवरून शिकवा. फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन असतं तर मी आनंदानं हाच सांगितला असता. कार्ब्युरेटरच्या इंजिनामागं मला तो पटत नाही.

टोयोटाचा ए३४० माझा आवडता आहे, दणकट म्हणजे दणकट. पण त्याची बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडायचं पुढचं घंटेसारखं तोंड, शेव्हरोलेच्या ब्लॉकला बसत नाही. मधे ॲडॉप्टर प्लेट बनवावी लागेल. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे भाग बनवणारे लेथवाले काय ताकदीचे आहेत हे मी सांगायला नको. प्लेट ते सुंदर बनवतील. अडचण प्लेटच्या देखणेपणाची नसते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आत जुळावा लागतो, तोही डायल गेज क्रँकला लावून, बेल हाउसिंगच्या आत फिरवून बघावा लागतो. त्याहून जास्त फरक राहिला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाचा बुश झिजतो, ऑइल सील गळतं, आणि दोष कुणाला सापडत नाही. टोयोटाच्या इंजिनामागं ए३४० जरूर बसवा. शेव्हरोलेच्या इंजिनाला शेव्हरोलेचाच गिअरबॉक्स बोल्टला बोल्ट बसत असताना ही खटपट कशाला?

आता जागा. १९६३ च्या इम्पालाची चासी एक्सच्या आकाराची. तिच्या गळ्यातून प्रोपेलर शाफ्ट जातो, आणि तो दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग असलेला. आखूड शेपटीचा टर्बो ३५० सुमारे ७०३ मिलिमीटर लांब, जवळजवळ पॉवरग्लाइडएवढाच. पुढच्या तोंडापासून त्याचा माउंट सुमारे ५१८ मिलिमीटरवर, तोही पॉवरग्लाइडच्या जागी. मागच्या योकला, म्हणजे शाफ्ट जोडायच्या तुकड्याला, दोघांनाही २७ दाते. म्हणजे शाफ्ट मूळचा असेल तर तो कापावा लागत नाही. ७००आर४ सुमारे ७८ मिलिमीटर जास्त लांब आणि त्याचा माउंट ५४ मिलिमीटर मागं. शाफ्टचा पुढचा तुकडा कापा, बॅलन्स करा, क्रॉसमेंबर सरकवा. तुमच्या गाडीत डिझेल बसवताना क्रॉसमेंबर कापून जोडलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर आधी चासी मूळ मापाला आणा, मग गिअरबॉक्स आणा. आणि घेताना 'आखूड शेपटी' हे शब्द विक्रेत्याकडून पक्के करून घ्या. टर्बो ३५० लांब शेपटीचेही निघाले आहेत, ते तुमच्या शाफ्टला बसणार नाहीत.

विकत घेताना माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका, खालचा चेंबर बघा. टर्बो ३५० च्या चेंबरला १३ बोल्ट, आकार जवळजवळ चौकोनी आणि एक कोपरा कापलेला. ७००आर४ च्या चेंबरला १६ बोल्ट. तेवढेच ४एल६०ई लाही, पण त्याच्या अंगावर वायरिंगचं गोल सॉकेट दिसतं. पॉवरग्लाइडला १४. टर्बो ४०० लाही १३ च, पण त्याचा चेंबर वेडावाकडा असतो. फोटो मागवताना चेंबरचा सरळ खालून काढलेला फोटो मागवा. दुसरा फोटो बेल हाउसिंगचा. टर्बो ३५० ब्युक, ओल्ड्समोबील आणि पॉन्टियाकसाठीही बनला आणि त्यांची बोल्टची मांडणी वेगळी आहे. शेव्हरोलेची बेल हाउसिंग वरच्या बाजूला मधोमध उंच होते, त्यांची तिथं खाली दबलेली असते. वापरलेला गिअरबॉक्स असेल तर चेंबर काढून दाखवायला सांगा. तळाशी बारीक करडा थर असला तर हरकत नाही. पितळी चकाकी किंवा काळे तुकडे दिसले तर तो भाव कितीही कमी असला तरी नको.

आता फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी दात्यांची तबकडी. तुमच्या ३५० इंजिनाचं मागचं क्रँक सील एकसंध आहे की दोन तुकड्यांचं हे आधी बघा. १९८६ पासूनच्या इंजिनांत ते एकसंध आहे आणि त्याला वजन जोडलेली वेगळी फ्लेक्सप्लेट लागते. चुकीची लावली तर इंजिन थरथरत राहील आणि तुम्ही माउंट बदलत बसाल. दात्यांचेही दोन प्रकार आहेत, १५३ आणि १६८. स्टार्टर त्याला जुळणारा हवा: दोन बोल्ट तिरपे असतील तर १६८ चा, सरळ रेषेत असतील तर १५३ चा.

बसवतानाची एक पायरी मी सविस्तर सांगतो, कारण नवा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी मरतो तो इथं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओता. मग गिअरबॉक्स तोंड थोडं वर करून ठेवा आणि कन्व्हर्टर शाफ्टवर सरकवा. दोन्ही हातांनी धरून, आत दाबत, सावकाश गोल फिरवत राहा. एकदा 'ठक' होऊन तो आत जाईल. बहुतेक जण इथंच थांबतात. फिरवत राहा, आणखी एकदा ठक होईल, कधी तिसऱ्यांदाही. स्टेटरचे दाते, टर्बाइनचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा, असे एकेक बसत जातात. शेवटची पंपाची खाच बसली की कन्व्हर्टर बेल हाउसिंगच्या कडेच्या बराच आत जातो. आता गिअरबॉक्स इंजिनाला लावा. बेल हाउसिंग ब्लॉकला हातानंच, सगळीकडून, फट न राहता टेकली पाहिजे. बोल्ट आवळून ती ओढून घ्यायची वेळ आली तर तिथंच थांबा, कन्व्हर्टर बसलेला नाही. आवळत गेलात तर पंप फुटतो. बेल हाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे. मगच तो पुढं ओढून त्याचे बोल्ट लावा. हे काम कोण करतोय यापेक्षा ते होताना तुम्ही शेजारी उभे आहात, हे जास्त महत्त्वाचं.

कन्व्हर्टर निवडताना जास्त स्टॉलचा (इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर पकड घेणारा) घ्यायचा मोह टाळा. कॅमशाफ्ट साधी असेल तर कंपनीच्या आसपासचाच, अठराशेच्या मानाचा घ्या. स्टॉल जितका जास्त तितका कन्व्हर्टर कमी वेगात घसरतो, आणि घसरणं म्हणजे तेलात उष्णता. संध्याकाळी नवी पेठेतून सात रस्त्याकडं येताना ती उष्णता कुठं जाणार?

थंडाव्याबद्दल म्हणूनच मी आग्रही आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या मूळ रेडिएटरच्या टाकीत गिअरच्या तेलासाठी वेगळा कूलर असतो. तुमच्याकडं डिझेलसाठी बसवलेला रेडिएटर असणार, त्यात तो नसेल. तेलाचं तापमान ८० ते ९५ अंशांत राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं, १२० च्या वर गेलं की झपाट्यानं मरतं. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश असतात, डांबराजवळ त्याहून कितीतरी जास्त. कूलरवाला रेडिएटर घ्या आणि त्याच्या पुढं हवेचा वेगळा प्लेट कूलरही लावा, शक्यतो स्वतःच्या पंख्यासह. तेल आधी रेडिएटरच्या कूलरमधून, मग हवेच्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सला. पाइप पेट्रोलचे साधे रबरी, क्लॅम्प मारून, अजिबात चालणार नाहीत. पोकलेन-जेसीबीचे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला आहेत, तिथून टोकं प्रेस करून घ्या. एक तापमानाचा काटा गिअरबॉक्समधून बाहेर निघणाऱ्या लाइनवर लावा. खर्च किरकोळ, आणि वडील गाडी चालवत असतील तेव्हा तुम्हाला घरी निवांत वाटेल.

बाकीचं भराभर सांगतो. स्टिअरिंगवरच्या लिव्हरला दोन गिअरच्या गिअरबॉक्सपेक्षा एक जागा जास्त लागते, त्यामुळे आतली खाचांची पट्टी आणि काचेमागचा पट्टा बदलावा लागेल. न्यूट्रल सेफ्टी स्विच लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, ती पार्क आणि न्यूट्रल सोडून कुठंही चालू होता कामा नये. स्पीडोमीटरचा छोटा गिअर ॲक्सलच्या रेशोप्रमाणं घ्या. ब्रेकचा मास्टर सिलिंडर १९६३ साली एकाच सर्किटचा होता. एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. दोन सर्किटचा बसवा, आणि तो व्ही-८ चालू करायच्या आधी बसवा.

कागदपत्रांचं मात्र आधी बघा, गिअरबॉक्सच्याही आधी. आरसीवर आज डिझेल इंधन आणि त्या इंजिनाचा नंबर असणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. इंजिनाची खरेदीची कागदं घेऊन सोलापूरच्या आरटीओत आधी जा, लेखी विचारा, उत्तर हातात ठेवा. विमा कंपनीलाही कळवा. आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नसेल तर मी सांगतो. केंद्रानं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. ३५० हे इंजिन १९६७ च्या मॉडेलपासून आलं, १९६३ च्या इम्पालात ते नव्हतंच. त्या साली २८३, ३२७ आणि ४०९ ही व्ही-८ होती. व्हिंटेज नोंदणीची वाट मोकळी ठेवायची असेल तर ३५० विकून २८३ किंवा ३२७ शोधा आणि त्यामागं पॉवरग्लाइडच घाला. गाडी वापरायची असेल, वडिलांना घेऊन तुळजापूरला, पंढरपूरला, कधी पुण्याला जायचं असेल, तर ३५० आणि टर्बो ३५० ही जोडी मला मनापासून पटते. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण ठरवायचं आजच.

सगळं जमून आलं की पहिल्या चालीची पद्धत अशी. कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसह नऊ-दहा लिटर डेक्स्ट्रॉन-३ प्रकारचं तेल लागतं, पण एकदम ओतू नका. चार-पाच लिटर घाला, इंजिन चालू करा, लगेच आणखी घालत जा. मागची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी न्या, दोन सेकंद थांबा, पुन्हा पार्कवर या. पातळी सपाट जागेवर, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघायची. पहिली फेरी विजापूर रोडला सकाळी, रस्ता मोकळा असताना. हलका पाय ठेवून गिअर कुठं पडतात ते ऐका, मग एकदा पाय पूर्ण दाबून किकडाऊन बघा. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी गळती बघा. पाचशे किलोमीटरनंतर चेंबर उतरवा, फिल्टर आणि तेल बदला. त्या तळातल्या गाळाचा आणि ॲक्सलच्या खडूच्या खुणांचा फोटो मला इथंच टाका, बघून सांगतो.